पाठीखालचा हात

त्या दुपारी बकुळा देवासच्या बाजारात राई आणायला गेली होती. काम एवढंच. दोन शेर राई, खडे नसलेली. जेठ लागला होता, टेकडीवरच्या देवीच्या पायऱ्यांवर चिटपाखरू नव्हतं, आणि दुकानदार पोत्याला टेकून पेंगत होता.

"दो सेर?" त्याने एक डोळा उघडला. "अचार डालोगे क्या, सिस्टर? दवाखान्यात?"

"पेशंटच्या टाचांखाली ठेवायची आहे, भिया."

"टाचांखाली," तो मापं टाकता टाकता म्हणाला. "ऐका. राई वाया घालवायची नवीन तऱ्हा."

बकुळा हसली आणि पिशवी घेऊन उन्हात उतरली.

राईची ही तऱ्हा कुठल्या पुस्तकात नाही. मांजरपाटाच्या वीतभर पिशव्या शिवायच्या, त्या अर्ध्याच भरायच्या, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या टाचांखाली, घोट्यांखाली, खुब्याखाली सारायच्या. दाणा सरकतो, हाडाला जागा करून देतो, कातडीवर भार येत नाही. ही युक्ती भवानीबाईची, म्हणजे दवाखान्यातल्या म्हाताऱ्या आयाची. भवानीबाई पगाराला अंगठा उठवायची. सह्या करणाऱ्यांपैकी निम्म्यांना तिच्याइतकं कळत नव्हतं, हे स्पष्ट लिहिलेलं बरं.

दवाखाना मोरोपंतांचा. मोरोपंत थोरल्या पातीचे, म्हणजे देवासच्या दोन गाद्यांपैकी थोरल्या गादीचे, जुने अंमलदार. देवासची दोन्ही संस्थानं विलीन झाली तेव्हा त्यांनी आपल्या घराचा पुढचा भाग दवाखान्याला दिला. बारा खाटा लिलावात घेतल्या, सहा थोरल्या पातीच्या, सहा धाकट्या पातीच्या. त्याला आता पाच वर्षं झाली होती, तरी पेशंट अजून विचारायचे, "ही खाट कोणत्या पातीची?" राज्यं गेली होती, पाती गेल्या नव्हत्या.

बकुळाचा सगळा जीव सहा नंबरच्या खाटेवर होता. तिथे सुभद्रा होती, टोंकखुर्दची, बावीस वर्षांची, काळीसावळी, नाकीडोळी नीटस. गच्चीवर कैरीच्या फोडी वाळत घालताना तोल गेला आणि ती अंगणातल्या उखळावर पडली. कमरेखाली तिला काही कळत नव्हतं. टाचणी टोचली तरी ती छताकडेच बघत राहायची. इंदूरच्या मोठ्या सर्जनचं पत्र आलं होतं. बारा दिवसांनी ते स्वतः गाडी घेऊन येणार होते. पाठ साबूत असेल तर मुलीला नेऊन ऑपरेशन करतो, उभी राहायची आशा आहे. पाठीला एक जरी जखम असली तर नेणार नाही. तशा पाठीला सुरी लावली तर पू हाडात उतरतो आणि माणूस जातो.

म्हणजे सगळं त्या कातडीवर होतं. बारा दिवस ती फाटू द्यायची नाही.

सुभद्राची आई माई खाटेशी बसून असायची. "सिस्टर," ती रोज विचारायची, "पोरीची पाठ चांगली है ना?"

"चांगली आहे, माई."

हे "चांगली आहे" बकुळाच्या तोंडातून निघताना आत कुठेतरी अडकायचं. त्याला कारण होतं.

मागच्या हिवाळ्यात थोरल्या पातीच्या पागेतला म्हातारा मोतद्दार खंडोजी मांडीचं हाड मोडून आला होता. रंग तव्याच्या पाठीसारखा. उजव्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं, घोड्याने तोडलेलं. बकुळा धारची, वडील तिथल्या दरबारात कारकून. इंदूरला शिकून परीक्षेत पहिली आलेली. तिच्या पुस्तकात लिहिलं होतं की पाठीवर लाली दिसली तर अंगठ्याने दाबावं. दाबल्यावर पांढरं झालं तर ठीक. लाल ते लालच राहिलं तर आतलं मांस मरू लागलं असं समजावं. पुस्तक गोऱ्यांचं, गोऱ्या कातडीसाठी. खंडोजीच्या पाठीवर लाली दिसणार कुठून? शिवाय पुरुष पेशंटच्या कमरेला नर्सने हात लावू नये असा मोरोपंतांचा दंडक. वॉर्डबॉय चादर उचलायचा, बकुळा दोन पावलांवरून बघायची आणि कागदावर लिहायची, कातडी साबूत.

खंडोजी एकदा म्हणाला होता, "बाई, मी जन्मभर घोड्यांच्या पाठी सांभाळल्या. खोगीर काढलं की आधी तळहात फिरवतो. पाठ लागायच्या आधी गरम होते. माझी गरम झालीय. जरा हात लावून बघा."

"मी बघितलंय, खंडोजी. काही नाही."

"बघून नाही कळत, बाई... हात लावा."

तिने हात लावला नाही. पुढच्या आठवड्यात एका दुपारी तीनला खंडोजी गेला. आंघोळ घालायला पालथा केला तेव्हा माकडहाडाशी मूठ जाईल एवढा काळा खळगा होता. तिने एकोणचाळीस दिवस साबूत लिहिलं होतं. तिला कुणी बोललं नाही. फक्त भवानीबाई तिला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "शिकलीस ना तू? आता हाताने शीक." आणि तिने शिकवलं. चादरीखाली हात सारायचा. बिघडणारी जागा हाताला आधी ऊन, म्हणजे कोमट, लागते, मग कैरीसारखी घट्ट होते, मग पिकल्या रामफळासारखी मऊ. मऊ झाली की उशीर झाला.

तर त्या दिवशी राई आणली, पिशव्या भरल्या, दोन वाजले. सुभद्राची कूस बदलायची वेळ. वाळ्याचे पडदे नुकतेच भिजवलेले, त्यामुळे भर दुपारी वॉर्डात संधिप्रकाश. ओल्या वाळ्याचा आणि फिनेलचा वास. बाहेर लूचा गरम वारा पडद्यांवर धडका देत होता, आणि पाणी टपटप फरशीवर गळत होतं. माई पंखा हातात धरूनच झोपी गेली होती.

बकुळाने हात चादरीखाली घातला, सुभद्राच्या कमरेखाली सारला, माकडहाडापाशी नेला.

तिथे आधीच एक हात होता.

तिला आधी वाटलं, माईचा असेल. माईचे दोन्ही हात तिच्या समोर होते. सुभद्राचे दोन्ही हात छातीवर. बकुळाची बोटं त्या हाताच्या बोटांना लागून होती. कोरडा, खरखरीत हात. तो कातडीला तळवा लावून निवांत पडला होता. बकुळाने एकेक बोट चाचपलं. तर्जनी... मधलं... अनामिका. करंगळी मध्येच संपत होती.

तिने हात ओढून घेतला. चादर उचलली. खाली गादी, गादीवर सुभद्रा. दुसरं काही नाही.

भवानीबाईला बोलावून तिने कूस बदलली. पाठ दिसायला स्वच्छ. तिने भीत भीत बोटं लावली. जिथे तो हात होता तिथे, बरोबर तेवढीच जागा, ऊन होती.

जागा मोकळी ठेवली, राईच्या पिशव्या सारल्या. चारपर्यंत ती निवली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुपार. या वेळी हात डाव्या खुब्याशी होता. बकुळाने त्याच्या शेजारी बोटं नेली, आणि तो बाजूला झाला, एखाद्याने जागा करून द्यावी तसा. खाली ऊन. तिने पिशवी सारली. जागा निवली. तिसऱ्या दिवशी उजवी टाच. रात्रीची कूस भवानीबाई बदलायची, तिच्या हाताला कधी काही लागलं नाही. सकाळी नाही, संध्याकाळी नाही. फक्त दोन ते चार.

चौथ्या दिवशी बकुळाने तिला सांगितलं. दोघी मागच्या ओट्यावर चादरी पिळत होत्या.

भवानीबाईने पीळ सोडला नाही. "खंडोजीच ना? करंगळीवरून ओळखलंस?"

"हो."

"वाईट माणूस नव्हता तो."

"मग... मला दाखवायला येतोय का? कुठे बिघडतंय ते?"

"जिवंतपणी तसा होता. घोड्याच्या पाठीला ओरखडा आला तर जेवायचा नाही. मेल्यावर माणूस कसा होतो ते मला काय ठाऊक? मी काय तिकडे जाऊन आलेय?" तिने चादर झटकली. "तू हात लावला नाहीस, तो लावतोय. एवढं मला दिसतं."

बकुळाला वाटू लागलं की ही क्षमा आहे. माणसाला असं वाटायला वेळ लागत नाही. ती त्या हाताला सरावली. दुपारी दोन वाजले की सगळी पाठ चाचपायची गरजच उरली नाही. नुसता हात आत घालायचा, तो कुठे आहे ते बघायचं, तिथली उष्णता काढायची. कागदावर रोज साबूत. डॉक्टर नीलकंठराव कौतुक करायचे. माई डबा उघडून म्हणायची, "सिस्टर, दाल-बाफले खाओ थोडे, तुमच्यासाठी तुपात बुडवून आणलेत." बकुळा खायची. झोपायचीसुद्धा.

आठव्या दिवशी भवानीबाई दुपारी तिच्यासोबत कूस बदलायला आली. बकुळाने जागा दाखवली, "इथे ऊन आहे बघा." भवानीबाईने हात लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग पाठ झाकली आणि बकुळाला दाराशी नेलं.

"ती जागा बघितलीस?"

"हो. कमरेच्या वर, डावीकडे."

"तिथे हाड कुठंय?"

बकुळाने स्वतःच्याच कमरेवर बोटं ठेवून बघितली.

"जखम हाडावर होते, पोरी. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चिमटते म्हणून होते. त्या जागी हाड नाही, भार नाही. तिथे नुसता खळगा आहे. गादीला लागतसुद्धा नाही ती जागा." भवानीबाईचा आवाज खाली आला. "तिथे ऊन का आहे?"

लू पडद्यावर आदळली. पाणी गळत होतं.

"तू म्हणतेस, जिथे ऊन तिथे त्याचा हात. मला सांग... आधी ऊन असतं, की आधी हात?"

बकुळाला आठवेना. गेल्या आठ दिवसांत एकदाही तिने हाताच्या आधी ती जागा चाचपली नव्हती.

त्या दिवशी ती जागा चारला निवली नाही. सहाला नाही. रात्री भवानीबाईने सांगितलं, थोडी घट्ट लागते. बकुळाने खोलीत जाऊन अंथरूण घातलं आणि त्याच्यावर बसून राहिली. सकाळपर्यंत जागा कशीबशी मऊ पडली, म्हणजे चांगली मऊ, जिवंत. चार दिवस राहिले होते. माईने विचारलं, "पाठ चांगली है ना?" बकुळाने पहिल्यांदाच उत्तर दिलं नाही.

त्या दुपारी दोनला पाच कमी असताना तिने खाटेशी स्टूल ओढलं. आपला उजवा हात सुभद्राच्या पाठीखाली घातला, तळवा वर, कातडीला लावून, आणि तसाच ठेवला. मध्ये त्याला जागाच ठेवायची नाही, असा तिचा हिशेब. तासाभराने हात कमरेवरून खुब्यावर, खुब्यावरून वर.

दोन वाजले. काही झालं नाही. सव्वादोन.

मग तिच्या हाताच्या पाठीवर, खालून, काहीतरी येऊन टेकलं.

खाली फक्त गादी होती. गादीतून तो तळवा वर आला होता, आणि तिच्या हाताला चिकटून दाबत होता. जोर नाही. घोड्याच्या पाठीवर ठेवावा तसा, धीराने.

"खंडोजी," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली, "माझं चुकलं. मी बघितलं नाही... हिला सोडा. हिने काय केलंय?"

दाब वाढला.

"सिस्टर," सुभद्रा हळूच म्हणाली. ती जागी होती.

"काय गं?"

"ते छत... जवळ आलंय का?"

बकुळाने वर बघितलं. छत होतं तिथेच होतं. मग तिने खाली बघितलं. सुभद्राची कंबर गादीपासून चार बोटं वर होती. पोरीला कमरेखालचं काही कळत नव्हतं. तिला फक्त तुळई जवळ आलेली दिसत होती.

"नाही," बकुळा म्हणाली. "उन्हाने तसं वाटतं. डोळे मीट."

चारला दाब गेला. सुभद्रा गादीला टेकली. पाठ थंड, कातडी साबूत.

असे चार दिवस. दोन ते चार बकुळा स्टुलावर, हात पाठीखाली. कुणी विचारलं तर भवानीबाई दारातूनच परतवायची, "सिस्टर नाडी बघतायत." पाठीखालून कसली नाडी बघतात, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. दुसऱ्या दिवसापासून बकुळाला त्या हाताची बोटं कळेनाशी झाली. तिसऱ्या दिवशी मनगटापर्यंत. चौथ्या दिवशी तिने हात बाहेर काढला तो डाव्या हाताने धरून, एखादी वस्तू उचलावी तसा.

सर्जनची गाडी सकाळी नऊला आली. त्यांनी सुभद्राला वळवायला लावलं, चष्मा पुसून पाठ बघितली, टाचा बघितल्या.

"ही पाठ कुणी राखली?"

"आमच्या बकुळाने," नीलकंठराव म्हणाले.

"इंदूरला माझ्याकडेसुद्धा अशी राहत नाही. चला, गाडीत घ्या."

माई बकुळाच्या पाया पडायला वाकली. बकुळाने डाव्या हाताने तिला उठवलं. उजवा पदराखाली होता. सुभद्रा स्ट्रेचरवरून म्हणाली, "चालत येईन, सिस्टर. टोंकखुर्दहून तुमच्यासाठी लोणचं घेऊन येईन." गाडी धूळ उडवत नाक्याकडे गेली.

मग बकुळाने भवानीबाईला हात दाखवला. बकुळा गोरी होती, तिच्या कातडीवर सगळं दिसत होतं. हाताच्या पाठीवर लाल ठसा होता. चार बोटांचा, शेवटचं आखूड. भवानीबाईने त्यावर अंगठा दाबला आणि उचलला. पांढरं झालं नाही.

दोघींनाही त्याचा अर्थ ठाऊक होता. भवानीबाई नुसती म्हणाली, "हात गेला तर जाऊ दे. पोर गेली ना वाचून."

पंधरा दिवसांत ठसा काळा पडला, सुकला, खपली धरली. बोटं वळेनात. कळेनातही. नीलकंठराव म्हणाले नस दबली आहे, परत येईल. बकुळा डाव्या हाताने लिहायला शिकली.

जुलैच्या सुरुवातीला इंदूरहून तिथल्या वॉर्डच्या सिस्टरचं पत्र आलं. ऑपरेशन चांगलं झालं. डाव्या पायाचा अंगठा हलतो. पाठ उत्तम आहे. बकुळाने इथवर वाचलं आणि भवानीबाईला हाक मारली. मग खालचं वाचलं.

"एक विचारायचं होतं. तुम्ही हिची कूस कोणत्या वेळी बदलत होता? सकाळी आणि रात्री आम्ही बदलतो. पण दुपारी दोनला आम्ही घड्याळ बघून जातो, तेव्हा ती आधीच वळलेली असते. तिची आई म्हणते, मी हात लावला नाही. मुलगी स्वतः वळू शकत नाही. कालपासून पाठीवर एका जागी थोडी उष्णता वाटते. तिथे हाड नाही. तुमची अशा वेळी काय पद्धत होती, ते उलटटपाली कळवावे."

बकुळाने दौत उघडली. डाव्या हाताने टाक धरला.

"काय लिहू?"

भवानीबाई उंबऱ्यात बसली होती.

"हात घालून बघा असं लिहिलं, तर त्या सिस्टरचा हात... आणि घालू नका असं लिहिलं, तर सुभद्रा..." टाकाची शाई वाळली. तिने पुन्हा बुडवला. पुन्हा वाळली.

"पत्राने व्हायचं काम नाही हे," भवानीबाई शेवटी म्हणाली. "तुझा एक हात अजून साबूत आहे."

बाराची मोटार होती. बकुळा नेसत्या लुगड्यानिशी निघाली. मोटारीत गर्दी होती, कोंबड्यांची टोपली होती, कुणीतरी पीपलरावां गावातल्या लग्नाच्या गोष्टी सांगत होतं. ती खिडकीशी बसली. निर्जीव उजवा हात तिने डाव्याने उचलून मांडीवर ठेवला, पालथा, काळा डाग वर. त्याच्यावर पदर घातला आणि बाहेर बघत राहिली. दोनच्या आत पोचायला हवं होतं.

क्षिप्रेच्या पुलावर मोटार हळू झाली. तिने वेळ विचारली. शेजारचा म्हणाला, "एक बजने को है, बाई." तिने पदर सारखा करायला उचलला.

सुभद्राच्या पाठीखाली ठेवायची तसा, तळवा वर, हात उताणा झाला होता.